नावाआडचा पत्ता : क्लाउड डेटाबेसच्या पर्यायी जोडणीचा इतिहास (विशेष संदर्भ : सिरसाळा, जि. बीड)

बीजशब्द : डोमेन नाम व्यवस्था, डेटाबेस, क्लाउड, फेलओव्हर, प्रतिलिपी, सातबारा, ग्रामीण मराठवाडा

प्रस्तावना

बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथ तालुक्यात, परळीहून तेलगावमार्गे बीडकडे जाणाऱ्या रस्त्यावर सिरसाळा हे गाव वसलेले आहे. कापूस, सोयाबीन आणि ज्वारी ही या परिसरातील प्रमुख पिके होत. दिवाळीच्या आगेमागे येथील अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकाकडे स्थलांतर करतात. अशा गावातील सामान्य माणसाचा शासनाशी येणारा संबंध गेल्या पंचवीस वर्षांत मूलतः बदलला आहे. पूर्वी सातबाऱ्याचा उतारा तलाठ्याच्या दप्तरातून हाताने उतरवून मिळत असे. आज तोच उतारा संगणकावर, डिजिटल स्वाक्षरीसह मिळतो. पीकविम्याचा अर्ज, शिधापत्रिकेवरील धान्य, शिष्यवृत्ती, निवृत्तिवेतन या सर्वांच्या नोंदी दूरच्या शहरातील डेटाबेसमध्ये असतात. गावातील सेवा केंद्राच्या संगणकाने त्या डेटाबेसशी जोडणी केल्याशिवाय काम पुढे सरकत नाही.

ही जोडणी कशी होते, हा प्रश्न वरवर पाहता केवळ तांत्रिक वाटतो. परंतु ज्या यंत्रावर नोंद ठेवली आहे ते यंत्रच बंद पडले तर काय, या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. आधुनिक क्लाउड व्यवस्थेने त्यास दिलेले एक उत्तर असे : डेटाबेसच्या दोन किंवा अधिक प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात, ग्राहकाला मात्र केवळ एक नाव द्यावे आणि मुख्य प्रत निकामी झाल्यास त्या नावाआडचा पत्ता बदलावा. ग्राहक तेच नाव घेतो, परंतु पोहोचतो दुसऱ्या यंत्रापाशी. या बदलास फेलओव्हर असे म्हणतात. प्रस्तुत शोधनिबंधात या कल्पनेचा ऐतिहासिक मागोवा घेतला असून ग्रामीण मराठवाड्याच्या दृष्टीने तिचे महत्त्व व मर्यादा तपासल्या आहेत.

उद्दिष्टे

१) नाव व पत्ता यांची फारकत करण्याच्या कल्पनेची पूर्वपीठिका पाहणे.
२) डोमेन नाम व्यवस्थेचा उदय आणि भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील, तिचा प्रारंभ अभ्यासणे.
३) फेलओव्हरची जाण असलेल्या नावाद्वारे डेटाबेसशी होणाऱ्या जोडणीची कार्यपद्धती व मर्यादा स्पष्ट करणे.
४) सिरसाळ्यासारख्या गावातील नागरिकाच्या हक्कांशी या व्यवस्थेचा असलेला संबंध विशद करणे.

संशोधन पद्धती

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे. आवश्यक तेथे तांत्रिक प्रक्रियांचे विश्लेषण केले आहे.

१. पूर्वपीठिका : नोंदीच्या प्रती आणि स्थिर नावे

महत्त्वाची नोंद एकाच ठिकाणी ठेवू नये, हा विचार दख्खनच्या महसुली परंपरेला नवा नव्हता. गावाचा हिशेब कुलकर्णी ठेवी, तर परगण्याचा हिशेब देशपांडे ठेवी. त्यावर पुन्हा सरकारी दप्तर असे. एका पातळीवरील कागद जळाला, वाळवीने खाल्ला किंवा वादात सापडला तर दुसऱ्या पातळीवरील कागदाशी तो ताडून पाहता येई. अर्थात दोन्ही ठिकाणच्या नोंदी सदैव जुळत असत असे नाही. खालच्या पातळीवर झालेला बदल वरच्या दप्तरात उशिराने पोहोचे आणि या अंतरातून तंटे निर्माण होत. प्रती ठेवल्या की त्या एकमेकींशी जुळत्या राखण्याचा प्रश्नही सोबत येतो, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

दुसरा धागा पत्त्याचा आहे. तारखात्यात व्यापारी पेढ्यांना संक्षिप्त पत्ता नोंदवून घेता येत असे. पेढीचे एक छोटे नाव तार कचेरीच्या नोंदवहीत लिहिलेले असे आणि त्या नावापुढे पूर्ण पत्ता असे. पेढीने जागा बदलली तर कचेरीतील नोंद दुरुस्त केली जाई. तार पाठविणाऱ्या दूरच्या व्यापाऱ्याला मात्र काहीच बदलावे लागत नसे. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तरी तिच्यातील ही योजना आजच्या विषयाची जवळची पूर्वज म्हणावी लागेल. याउलट १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेला सहा अंकी पिनकोड हा निव्वळ पत्ता आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या पुढाकाराने आलेल्या या योजनेत पहिला अंक विभाग दर्शवितो, पहिले तीन अंक मिळून वर्गवारीचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन अंक वाटप करणारे टपाल कार्यालय सांगतात. पत्र कोठे न्यावयाचे हे पिनकोड सांगतो, परंतु ते कोणाचे आहे हे सांगत नाही. नाव व पत्ता यांची कामे अशी भिन्न आहेत.

तिसरे उदाहरण परळीचेच देता येईल. परळी औष्णिक विद्युत केंद्राची सुरुवात १९७१ मध्ये झाली. फेब्रुवारी २०१३ मध्ये, भीषण दुष्काळात, पाण्याअभावी या केंद्रातील सर्व संच बंद ठेवावे लागले. तरीही सिरसाळ्यातील ग्राहकाला आपली वीजजोडणी बदलावी लागली नाही. ग्राहकाची जोडणी कोणा एका केंद्राशी नव्हती, ती राज्याच्या वीजजाळ्याशी होती. वीज कोठून आणावयाची हा निर्णय जाळ्याच्या संचालकांनी घ्यावयाचा होता. सेवा घेणारा आणि सेवा देणारे यंत्र यांच्यामध्ये अशी एक मध्यस्थ व्यवस्था असली म्हणजे यंत्र बदलता येते. डेटाबेसच्या बाबतीत हे मध्यस्थाचे काम नाव करते.

२. डोमेन नाम व्यवस्थेचा उदय

संगणकाच्या जाळ्यात प्रत्येक यंत्राला अंकांचा पत्ता असतो. माणसाला अंक लक्षात ठेवणे कठीण, म्हणून अमेरिकेतील आर्पानेट या जाळ्यात यंत्रांना नावे देण्यात आली. कोणत्या नावाचा पत्ता कोणता, याची यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या माहिती केंद्रात, एलिझाबेथ फाइनलर यांच्या नेतृत्वाखाली, एकाच फाइलमध्ये ठेवली जाई. जाळ्यावरील प्रत्येक संगणक ती फाइल अधूनमधून उतरवून घेई. यंत्रे थोडी होती तोवर हे चालले. १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेटने टीसीपी/आयपी ही संदेशवहनाची पद्धत स्वीकारली आणि जाळे झपाट्याने वाढण्याची चिन्हे दिसू लागली. एका कचेरीने सर्वांची यादी ठेवणे यापुढे शक्य नव्हते. उतरवून घेतलेली यादी शिळी होई, नावे एकसारखी येत आणि प्रत्येक बदल त्या एकाच केंद्रातून करून घ्यावा लागे.

नोव्हेंबर १९८३ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमधील पॉल मॉकापेट्रिस यांनी यावर उपाय मांडला. नावांची उतरंड करावी आणि प्रत्येक पातळीचा अधिकार त्या त्या संस्थेकडे सोपवावा, अशी ही डोमेन नाम व्यवस्था होती. जॉन पोस्टेल यांचा या कार्यात मोठा वाटा होता. १९८४ मध्ये बर्कली येथील विद्यार्थ्यांनी तिची बाइंड ही आज्ञावली तयार केली. नोव्हेंबर १९८७ मध्ये या व्यवस्थेचे सुधारित निकष प्रसिद्ध झाले आणि तेच आजही पायाभूत मानले जातात.

या निकषांतील एक तरतूद प्रस्तुत विषयाच्या केंद्रस्थानी आहे. प्रत्येक नोंदीसोबत तिची आयुर्मर्यादा सेकंदांत दिलेली असते. एकदा पत्ता विचारला की तेवढा काळ तो जवळ ठेवावा आणि पुन्हा विचारू नये, असा तिचा अर्थ. आयुर्मर्यादा मोठी ठेवली तर विचारणा कमी होते, पण बदल उशिरा कळतो. ती लहान ठेवली तर बदल लवकर कळतो, पण विचारणा वाढते. १९८० च्या दशकात यंत्रांचे पत्ते क्वचितच बदलत, म्हणून मोठी मर्यादा सोयीची होती. पुढे पत्ता मुद्दाम आणि तातडीने बदलण्याची गरज निर्माण झाली तेव्हा हीच मर्यादा काही सेकंदांवर आणली गेली.

३. भारत व महाराष्ट्रातील प्रारंभ

भारतात शैक्षणिक व संशोधन संस्थांना जोडणारा अर्नेट हा प्रकल्प १९८६ मध्ये, केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने हाती घेतला. मुंबईतील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजे एनसीएसटी, ही त्यातील एक प्रमुख संस्था होती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील कार्यातून उदयास आलेल्या या संस्थेचे नेतृत्व श्रीनिवासन रमणी यांच्याकडे होते. ८ मे १९८९ रोजी '.इन' हे भारताचे देशदर्शक डोमेन नोंदविले गेले आणि त्याची व्यवस्था अनेक वर्षे एनसीएसटीकडे राहिली. भारतीय नावांची वही अशा प्रकारे दीर्घकाळ मुंबईत जुहू येथे ठेवली गेली, ही महाराष्ट्राच्या विज्ञानेतिहासातील फारशी न सांगितली गेलेली बाब होय.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. पुढे एनसीएसटीचे सी-डॅकमध्ये विलीनीकरण झाले. २००५ च्या प्रारंभी '.इन' ची नोंदणी नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडियाच्या अखत्यारीतील नव्या व्यवस्थेकडे गेली आणि ती सर्वांसाठी मोकळी झाली. २७ ऑगस्ट २०१४ रोजी '.भारत' हे देवनागरी डोमेन सुरू झाले. त्यामुळे मराठी नावही जाळ्यावरील पत्त्याचे काम करू शकते, हे तत्त्वतः मान्य झाले.

याच काळात महसुली नोंदींचे संगणकीकरण चालू होते. केंद्र शासनाने १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत भूमी अभिलेख संगणकीकरणाचा पथदर्शी प्रकल्प सुरू केला. त्यात महाराष्ट्रातील वर्धा जिल्ह्याचा समावेश होता. २००८ मध्ये राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आला. १ मे २०१८ रोजी राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध करून देण्यास प्रारंभ झाला. गाव नमुना सात व बारा या कागदांना कायदेशीर मोल आहे, तसेच फेरफाराच्या गाव नमुना सहालाही आहे. त्यामुळे या नोंदी ज्या डेटाबेसमध्ये असतात त्याची उपलब्धता हा केवळ सोयीचा विषय राहिला नाही.

४. एका यंत्राकडून अनेक यंत्रांकडे

यंत्र बंद पडणारच, हे गृहीत धरून व्यवस्था रचण्याचा विचार १९७० च्या दशकात व्यापारी रूपात आला. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या टँडम या अमेरिकन कंपनीने एक भाग निकामी झाला तरी चालू राहणारे संगणक बनविले. बँकांना त्यांची गरज होती. याच कंपनीतील जिम ग्रे यांनी १९८५ मध्ये संगणक का थांबतात याचा अभ्यास मांडला. बिघाडाचे मोठे कारण यंत्राचे सुटे भाग नसून आज्ञावली व व्यवस्थापनातील मानवी चुका हे असते, असे त्यांनी दाखवून दिले. ग्रे यांना १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

परंतु अशी यंत्रे महाग होती. साधे संगणक आणि वेगवान जाळे यांच्या जोरावर हेच साध्य करण्याचा मार्ग क्लाउडने खुला केला. ॲमेझॉनने ऑक्टोबर २००९ मध्ये भाड्याने डेटाबेस देणारी आरडीएस ही सेवा आणली. मे २०१० मध्ये त्याच सेवेत एक प्रत एका केंद्रात व दुसरी प्रत वेगळ्या केंद्रात ठेवण्याची सोय केली. ग्राहकाला एकच नाव मिळे. मुख्य प्रत पडली की ते नाव दुसऱ्या प्रतीकडे वळे. सप्टेंबर २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने पुणे, मुंबई व चेन्नई येथे आपली क्लाउड केंद्रे सुरू केली. जून २०१६ मध्ये ॲमेझॉनने मुंबईत व नोव्हेंबर २०१७ मध्ये गुगलने तेथेच केंद्र उघडले. नोव्हेंबर २०२२ मध्ये ॲमेझॉनचे दुसरे भारतीय केंद्र हैदराबाद येथे आले. जानेवारी २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने सार्वजनिक क्लाउडविषयीचे धोरण जाहीर केले.

दोन शहरे का लागतात, याचे उत्तर महाराष्ट्राच्याच अनुभवात आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगराचा वीजपुरवठा काही तास खंडित झाला. एकाच शहरातील दोन इमारती अशा प्रसंगी एकदमच अडचणीत येऊ शकतात.

५. फेलओव्हर जाणणाऱ्या नावाची कार्यपद्धती

या व्यवस्थेचे टप्पे पुढीलप्रमाणे सांगता येतील. मुख्य डेटाबेसमध्ये झालेला प्रत्येक बदल दुय्यम प्रतीकडे पाठविला जातो. दोन्हींच्या प्रकृतीवर एक स्वतंत्र देखरेख यंत्रणा लक्ष ठेवते. मुख्य प्रत ठरावीक काळ प्रतिसाद देईनाशी झाली की दुय्यम प्रतीला मुख्य म्हणून बढती दिली जाते. त्यानंतर डोमेन नाम व्यवस्थेतील नोंद बदलली जाते. अर्ज हाताळणाऱ्या आज्ञावलीत मात्र कोणताही बदल करावा लागत नाही. ती तेच नाव विचारते आणि नवा पत्ता मिळवते.

काही सेवांमध्ये दोन नावे दिली जातात. एक नाव नेहमी लिहिण्यायोग्य मुख्य प्रतीकडे नेते, तर दुसरे केवळ वाचनासाठी असलेल्या प्रतीकडे नेते. उतारा पाहणाऱ्यांची गर्दी दुसऱ्या नावाकडे वळवून फेरफार नोंदविणाऱ्यांसाठी पहिले नाव मोकळे ठेवता येते. आज्ञावलीत नावाऐवजी थेट अंकी पत्ता लिहून ठेवला असेल तर मात्र या सर्व रचनेचा उपयोग होत नाही. दुसरी प्रत सुस्थितीत असूनही आज्ञावली बंद यंत्राचेच दार ठोठावत राहते.

६. मर्यादा

पहिली मर्यादा साठवलेल्या पत्त्याची आहे. नावाची नोंद बदलली तरी मधल्या यंत्रांनी जुना पत्ता जवळ ठेवलेला असतो. आयुर्मर्यादा पाच किंवा तीस सेकंद असली तरी सर्व आज्ञावल्या ती पाळतातच असे नाही. जावाच्या काही मांडण्यांमध्ये एकदा मिळालेला पत्ता आज्ञावली बंद होईपर्यंत तसाच वापरला जातो. असा दोष प्रत्यक्ष बिघाड होईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

दुसरी मर्यादा उघड्या जोडण्यांची आहे. नावाचा पत्ता विचारला जातो तो नवी जोडणी करताना. आधीच उघडलेली जोडणी जुन्या यंत्राशीच राहते. ते यंत्र निरोप न देता बंद पडले तर लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत, पाठविलेल्या संदेशाची वाट पाहण्यात सुमारे पंधरा मिनिटे जाऊ शकतात. म्हणून प्रतीक्षेची मर्यादा कमी ठेवणे आणि तुटलेली जोडणी टाकून नवी करणे, ही जबाबदारी आज्ञावली लिहिणाऱ्यावर येते. नवी जोडणी करताना सर्वांनी एकाच क्षणी गर्दी करू नये म्हणून प्रयत्नांमधील अंतर वाढवत न्यावे लागते.

तिसरी मर्यादा सर्वांत गंभीर आहे. प्रकाशाला काचतंतूतून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जाता येते. मुंबई व चेन्नई यांच्यात सुमारे हजार किलोमीटर अंतर धरले तर जाऊन-येऊन किमान दहा मिलिसेकंद लागतात. प्रत्येक नोंदीसाठी दूरच्या प्रतीची पोच घेत बसले तर काम मंदावते. म्हणून दूरच्या प्रतीकडे बदल बहुधा मागाहून पाठविले जातात. अशा वेळी मुख्य यंत्र अचानक गेले तर शेवटच्या काही क्षणांतील नोंदी दुसरीकडे पोहोचलेल्याच नसतात. अर्जदाराला पावती मिळाली, परंतु नोंद हरवली, असे घडू शकते. कुलकर्ण्याच्या वहीत असलेली आणि देशपांड्याच्या दप्तरात न पोहोचलेली नोंद ती हीच.

चौथी मर्यादा दोन मुख्य प्रतींची आहे. मुख्य यंत्र मेलेले नसून केवळ जाळ्यापासून तुटलेले असेल, तर दोन्ही प्रती स्वतःला मुख्य समजून लिहून घेऊ लागतात. एरिक ब्रूअर यांनी २००० मध्ये मांडलेल्या व गिल्बर्ट आणि लिंच यांनी २००२ मध्ये सिद्ध केलेल्या प्रमेयानुसार, जाळे दुभंगले असता एकवाक्यता आणि उपलब्धता या दोन्ही पूर्णपणे मिळत नाहीत. एकीचा त्याग करावा लागतो. जमिनीच्या नोंदीच्या बाबतीत काही मिनिटे सेवा बंद राहिलेली परवडेल, परंतु एकाच गटाचे दोन मालक नोंदले गेलेले परवडणार नाही. हा निर्णय तंत्रज्ञाचा असतो त्याहून अधिक प्रशासनाचा असतो.

७. दोन घटनांचा बोध

२४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईतील राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११.४० वाजता थांबले. ते दुपारी ३.४५ ला पुन्हा सुरू झाले आणि बाजाराची वेळ सायंकाळी ५ पर्यंत वाढवावी लागली. बाजाराकडे आपत्कालीन पर्यायी केंद्र होते, तरीही त्या दिवशी व्यवहार तिकडे वळविले गेले नाहीत. त्यानंतर मार्च २०२१ मध्ये सेबीने नियम कडक केले. महत्त्वाची यंत्रणा बंद पडल्यास ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करावी आणि त्यानंतर ४५ मिनिटांत व्यवहार पर्यायी केंद्राकडे न्यावेत, असे ठरले. २ मार्च व १८ मे २०२४ रोजी, शनिवारी, शेअर बाजारांनी चालू व्यवहारांतच पर्यायी केंद्राकडे वळण्याचा सराव केला. दुसरी प्रत असणे आणि तिच्याकडे वळण्याची सवय असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या घटनाक्रमातून दिसते.

दुसरी घटना अमेरिकेतील आहे. २० ऑक्टोबर २०२५ रोजी ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातील केंद्रात डायनॅमोडीबी या डेटाबेसच्या नावाआडचे सर्व पत्ते पुसले गेले. नावांच्या नोंदी आपोआप अद्ययावत करणाऱ्या दोन यंत्रणांपैकी एक मागे पडली. तिने नव्या योजनेवर जुनी योजना लिहिली आणि दुसरीने ती जुनी म्हणून पुसून टाकली. डेटाबेस स्वतः शाबूत होता, परंतु त्याचे नाव कोठेच नेत नव्हते. माणसांनी हस्तक्षेप करून नोंद पूर्ववत करण्यास काही तास लागले आणि त्याचे परिणाम जगभरच्या सेवांवर दिवसभर जाणवले. बिघाडापासून वाचविण्यासाठी घडविलेली नावाची व्यवस्था स्वतःच बिघाडाचे एकमेव ठिकाण ठरू शकते, हा या घटनेचा बोध होय.

८. सिरसाळ्याच्या संदर्भात

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. मुंबईतील ग्राहकासाठी दहा मिनिटांचा खंड ही बहुधा गैरसोय असते. सिरसाळा परिसरातील नागरिकासाठी तिचे स्वरूप निराळे असते. खरीप पीकविम्याची अंतिम मुदत सामान्यतः जुलैच्या अखेरीस येते. शेवटच्या दिवसांत सेवा केंद्रांवर गर्दी होते आणि मुदत संपली की अर्ज स्वीकारला जात नाही. वाडीवस्तीवरून आलेल्या शेतकऱ्याचा दिवसाचा रोजगार बुडतो, शिवाय जाण्यायेण्याचा खर्च होतो. त्याला परत पाठविणे म्हणजे कधीकधी संपूर्ण हंगामाचे संरक्षण नाकारणे ठरते.

ऊसतोड मजुरांचे उदाहरण अधिक बोलके आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये 'एक देश, एक शिधापत्रिका' योजनेचा प्रारंभ झाला, तेव्हा महाराष्ट्र व गुजरात ही त्यातील एक जोडी होती. या योजनेमुळे बीड जिल्ह्यातील कुटुंबाला कर्नाटकातील फडावर असतानाही तेथील दुकानातून धान्य घेता येते. मात्र त्यासाठी दुकानातील यंत्राने अंगठ्याचा ठसा घेऊन दूरच्या डेटाबेसकडून त्याच वेळी होकार मिळवावा लागतो. कागदी शिधापत्रिका गावाशी बांधलेली होती, तथापि ती जाळ्यावर अवलंबून नव्हती. नव्या व्यवस्थेने मजुराला गावाच्या बंधनातून मोकळे केले आणि त्याच वेळी त्याचा घास एका जोडणीवर सोपविला. ती जोडणी अंकी पत्त्याशी बांधलेली आहे की पर्याय जाणणाऱ्या नावाशी, यावर त्या दिवसाचे धान्य अवलंबून राहू शकते.

गावाकडील शेवटचा टप्पाही विसरता येत नाही. ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतू नेण्याची योजना केंद्र शासनाने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली आणि पुढे ती भारतनेट या नावाने ओळखली गेली. मुंबई व चेन्नईत डेटाबेसच्या दोन प्रती असल्या, तरी रस्त्याच्या कामात गावाकडील एकच तार तुटली तर त्या दोन्ही प्रती सारख्याच दूर होतात. पर्यायी जोडणीचा विचार केंद्राकडून सुरू झाला असला तरी तो गावाच्या वेशीपर्यंत आला पाहिजे. तोवर संपर्क नसताना अर्ज स्थानिक संगणकावर वेळेच्या नोंदीसह स्वीकारणे, प्रत्येक अर्जाला एकमेव क्रमांक देणे म्हणजे पुन्हा पाठविल्यास तो दोनदा नोंदला जाणार नाही, आणि खंडाच्या काळाइतकी मुदत आपोआप वाढविणे, हे उपाय सुचविता येतात.

निष्कर्ष

१) नाव स्थिर ठेवून पत्ता बदलण्याची कल्पना क्लाउडच्या आधीची आहे. तारखात्याचे संक्षिप्त पत्ते व वीजजाळे ही तिचीच रूपे होत. १९८३ च्या डोमेन नाम व्यवस्थेने तिला जागतिक स्वरूप दिले.
२) भारतीय डोमेनच्या प्रारंभिक व्यवस्थापनात मुंबईतील एनसीएसटीचे योगदान मोलाचे असून त्याची नोंद प्रादेशिक इतिहासात होणे आवश्यक आहे.
३) फेलओव्हर जाणणारे नाव हे आवश्यक साधन आहे, पण पुरेसे नाही. साठवलेले पत्ते, उघड्या जोडण्या, मागे राहिलेल्या नोंदी आणि दोन मुख्य प्रतींचा धोका यांची तरतूद आज्ञावलीत व प्रशासकीय नियमांत करावी लागते.
४) पर्यायी केंद्राकडे वळण्याचा नियमित सराव शेअर बाजारासाठी बंधनकारक मानला जातो. पीकविमा, शिधावाटप व भूमी अभिलेख या सेवांनाही तोच दंडक लावणे न्याय्य ठरेल.
५) जुन्या काळी हाती असलेला कागद हा सामान्य रयतेचा पुरावा असे. डिजिटल व्यवस्थेत तो पुरावा दूरच्या यंत्रात आहे. म्हणून पावती मिळाल्यानंतर नोंद हरवल्यास ती सिद्ध करण्याचा भार नागरिकावर न टाकता व्यवस्थेवर टाकला जावा. सिरसाळ्यातील शेतकऱ्याला डोमेन नाम व्यवस्था ठाऊक असण्याची गरज नाही. त्याचा अर्ज ज्या दिवशी दिला त्या दिवशीच नोंदला जाईल, एवढी हमी मात्र त्याला मिळाली पाहिजे.